सहा ग्रुप, भरलेली हार्ड डिस्क आणि सीसीआयईची लॅब: पार्टनर नक्की कशासाठी हवाय?

तुझा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा, की तीन वर्षं एनओसीत (नेटवर्कवर चोवीस तास नजर ठेवणारी टीम) आहेस, बहुतेक नाइट शिफ्ट, मागच्या वर्षी सिस्कोची एनकोर ही मूळ लेखी परीक्षा निघाली, आता एनार्सी ही रूटिंगची पुढची परीक्षा द्यायची आणि तिथून पुढे सीसीआयई एंटरप्राइज या सिस्कोच्या वरच्या पातळीच्या सर्टिफिकेटची लॅब, म्हणजे प्रत्यक्ष करून दाखवायची परीक्षा. टेलिग्रामवर सहा ग्रुप जॉइन केलेस, एक टीबीची डिस्क व्हिडिओ आणि पीडीएफने भरली, सात महिने गेले आणि अजून "रीडिस्ट्रिब्युशन आलं की घाम फुटतो" (म्हणजे एका रूटिंग प्रोटोकॉलने शोधलेले रस्ते दुसऱ्यात टाकणं). म्हणून विचारतोयस की चांगला ग्रुप कुठे मिळेल, का सगळं सोडून दीड लाखाचा क्लास लावू. लिहिण्यावरून वयाने बराच लहान वाटतोस म्हणून एकेरीत बोलतो, राग मानू नको.

मला वाटतं तुझे ग्रुप वाईट आहेत असं काही नाहीये. ग्रुपकडून काय घ्यायचं आणि काय एकट्यानेच करायचं हे तुझं ठरलेलं नाही. सहा ग्रुप म्हणजे रोज दोनशे-तीनशे मेसेज, कोणीतरी स्क्रीनशॉट टाकतं, कोणीतरी "पास्ड टुडे" टाकतं, आपण अंगठा देतो, एखादी फाइल डाउनलोड करतो आणि दीड तास गेला की अभ्यास झाल्यासारखं वाटतं. हे मी तुला हिणवून सांगत नाहीये, मी स्वतः २०१६ चं अख्खं वर्ष असंच घालवलंय. तेव्हा टेलिग्राम नव्हतं इतकं, व्हॉट्सॲप आणि स्काइप होतं, पण रोग हाच.

माझं सांगायचं तर नेटवर्कमधे चौदा वर्षं झाली, त्यातली पहिली चार तुझ्यासारखीच एनओसीत. सीसीआयई जुन्या रूटिंग अँड स्विचिंगमधे केली, २०१७ ला पहिल्यांदा नापास, २०१८ ला दुसऱ्या वेळी पास. नंतर २४ फेब्रुवारी २०२० पासून तो ट्रॅकच एंटरप्राइज इन्फ्रास्ट्रक्चर झाला, म्हणजे तू जी लॅब देणार ती मी दिलेली नाही हे आधीच सांगतो. पण नवीन लॅबची तयारी करणाऱ्या दोन टोळ्यांबरोबर मी गेली काही वर्षं रविवारी बसतो, तोडफोड करायला. ती काय ते पुढे येईलच.

आता काही गोष्टी तुझ्या परिस्थितीवर आहेत, त्या मी इथे बसून ठरवू शकत नाही. तुझ्या एनओसीत बीजीपी (वेगवेगळी नेटवर्क एकमेकांना जोडणारा रूटिंग प्रोटोकॉल) खरंच हाताला लागतं का, का तिकीट उघडून पुढच्या टीमला पाठवायचं एवढंच आहे, यावर तुला किती लॅब लागेल ते ठरेल. घरी लहान मूल आहे का, कंपनी फी देते का (देतात काही ठिकाणी, बदल्यात बाँड घेतात, तो नीट वाच). आणि मुळात सीसीआयईच हवी का, का एनार्सी करून सीसीएनपी (सीसीआयईच्या खालची पायरी) घेऊन आधी जॉब बदललास तर रोजच्या कामातच जास्त शिकशील, हे पण तूच बघ. एक गोष्ट मात्र परिस्थितीवर नाही, ती म्हणजे घड्याळ. एनकोर पास झालास त्या तारखेपासून तीन वर्षांच्या आत लॅबला बसावं लागतं, आणि सीसीएनपीसाठी एनार्सी पण त्याच तीन वर्षांत. मागच्या वर्षी निघाली म्हणजे तुझ्याकडे आता फार तर दोन वर्षं आणि वर काही महिने उरलेत, सात महिने तर ग्रुपमधेच गेले. एनकोरचे ४०० डॉलर तू भरलेस, एनार्सी ३००, लॅब १६००, वर टॅक्स, आणि लॅबला बेंगळुरूला जाऊन राहण्याचा खर्च वेगळा. हे आकडे मी शेवटचे पाहिले तेव्हाचे, बुक करताना बघून घे.

तर मुद्दा. माझ्या अनुभवात दुसऱ्या माणसाची गरज फक्त तीन गोष्टींना लागते. आपलं बोलणं ऐकून मधेच "थांब, हे कसं काय?" विचारायला, आपली लॅब आपल्या नकळत मोडून द्यायला, आणि तारीख पाळायला लावायला. बाकी सगळं, म्हणजे वाचन, कमांड हातात बसणं, नोट्स, हे एकट्याचं काम आहे, ते ग्रुपमधे होत नाही आणि क्लासमधे पण होत नाही.

पहिली गोष्ट जरा सविस्तर सांगतो, आणि तुझं रीडिस्ट्रिब्युशनच घेतो.

पहिल्यांदा नापास झाल्यानंतर आम्ही चौघं जमलो. मी पुण्यात, एक नाशिकचा, एक मस्कतला, एक न्यू जर्सीला (तो तीन महिन्यांत गळाला, तिकडचं घड्याळ नोव्हेंबरात एक तास सरकलं आणि तो एक तास त्याला पुन्हा जमलाच नाही). नियम असा होता की दर रविवारी एकाने एक विषय बाकीच्यांना समजावायचा, स्लाइड नाही, कोरा कागद कॅमेऱ्यापुढे धरायचा. माझ्याकडे दोन ठिकाणी होणारं म्युच्युअल रीडिस्ट्रिब्युशन आलं. मला वाटलं हे तर मी वर्कबुकमधून पाच वेळा केलंय, अर्ध्या तासात उरकू.

चित्र असं. आर१ आणि आर२ दोन बॉर्डर राउटर, एका बाजूला ईआयजीआरपी, दुसऱ्या बाजूला ओएसपीएफ (दोन्ही रस्ते शोधणारे रूटिंग प्रोटोकॉल), दोघांवरही दोन्हीकडून रीडिस्ट्रिब्युशन. ईआयजीआरपीच्या आत लांबच्या एका राउटरवर एक नेटवर्क बाहेरून आत आलेलं आहे, म्हणजे ते एक्स्टर्नल, त्याचं ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स (रूटवर किती भरवसा, आकडा कमी तितका जास्त) १७०. (इंटर्नल असतं तर ९० आणि मग ही कटकटच नव्हती, म्हणून तर क्लासमधल्या साध्या डेमोत हे दिसत नाही.) आता आर१ ने ते ओएसपीएफमधे ढकललं, ते ओएसपीएफमधून फिरून आर२ कडे आलं, तिथे त्याचं डिस्टन्स ११०. आर२ च्या हातात एकाच नेटवर्कचे दोन रूट, १७० आणि ११०, तो ११० वालाच घेणार. म्हणजे पुढचं दार उघडं असताना गडी वळसा घालून मागच्या दाराने जातोय. आणि वर तो आता ओएसपीएफचा रूट आहे म्हणून आर२ तो परत ईआयजीआरपीत ढकलतो, मेट्रिक (रस्त्याची किंमत) चांगलं दिलं असेल तर लूपच.

मी ऐटीत सांगितलं, टॅग लावायचा, म्हणजे रूटवर एक खूण. आर१ वर ओएसपीएफमधे जाताना रूट मॅपने (रूट निवडायच्या नियमांनी) टॅग, आर२ वर ओएसपीएफमधून ईआयजीआरपीत जाताना त्या टॅगला डिनाय, उलट दिशेने तसंच, झालं. थोडा वेळ सगळे गप्प. मग नाशिकवाला म्हणाला, "परत फिरणं थांबलं हे पटलं, पण आर२ च्या टेबलमधे आत्ता कोणता रूट आहे?"

मी लॅब उघडून बघितलं. ओएसपीएफचाच होता. टॅगने रूट परत आत शिरणं थांबलं होतं, पण आर२ स्वतः अजून वळशानेच जात होता, कारण टॅग बघून डिस्टन्स बदलत नाही ना! पाच वेळा ही लॅब करून मला हे दिसलं नव्हतं, कारण वर्कबुकमधे शेवटी पिंग करायला सांगितलं होतं आणि पिंग तर जात होतं.

पुढे अजून मजा. मस्कतवाला म्हणाला, माझ्याकडे तर आर२ बरोबर आहे आणि आर१ वळसा घालतोय. कॉन्फिग तेच, अक्षर न अक्षर. अर्धा तास भांडण झालं. मग लक्षात आलं की ही शर्यत आहे, ज्याने आधी ढकललं तो सुटतो आणि दुसरा अडकतो, कारण दुसऱ्याच्या टेबलमधे ओएसपीएफचा रूट बसला की त्याच्याकडे ढकलायला ईआयजीआरपीचा रूट उरतच नाही. मी कायम आर१ वर आधी पेस्ट करायचो, तो आर२ वर. दोन्ही राउटर रीलोड केले की निकाल फिरू शकतो. आता विचार कर, लॅबमधे तू सगळं चेक करून सेव्ह केलंस आणि नंतर एखादी लिंक खाली-वर झाली.

मग उपाय काय यावर अजून एक रविवार गेला. मी म्हटलं दोन्ही राउटरवर ओएसपीएफ एक्स्टर्नलचं डिस्टन्स १७० च्या वर नेऊ, १७५ करू. नाशिकवाल्याने लगेच विचारलं, मग जे रूट खरोखरच ओएसपीएफच्या बाजूला बाहेरून आलेत त्यांचं काय? ते आर१ ने ईआयजीआरपीत टाकले की आर२ ला १७० ने दिसणार, त्याचा स्वतःचा १७५, म्हणजे तीच भानगड उलट्या बाजूने. बरोबर होतं त्याचं. शेवटी टॅग मॅच करून ओएसपीएफला इनबाउंड डिस्ट्रिब्यूट लिस्ट (आत येणाऱ्या रूटची गाळणी) लावली, म्हणजे एलएसए (ओएसपीएफने पाठवलेली रूटची माहिती) डेटाबेसमधे राहतो पण रूट टेबलमधे बसत नाही. त्यावर पुन्हा मुद्दा निघाला की असं केलं तर आर२ ची ईआयजीआरपीची बाजू तुटल्यावर ओएसपीएफमधून जायचा बॅकअप पण गेला. तर तेही आहे. कुठला उपाय योग्य हे प्रश्नात काय मागितलंय त्यावर, आणि नवीन लॅबमधे पहिले तीन तास डिझाइनचेच आहेत, तिथे नेमकं हेच विचारतात की या अटींमधे काय निवडशील आणि का.

हे सगळं कुठल्याही पीडीएफमधे नव्हतं असं नाही, असेल कुठेतरी. पण मला ते "पण आत्ता कोणता रूट आहे?" या एका प्रश्नाने शिकवलं, आणि हा प्रश्न विचारायला चार हजार जणांचा ग्रुप लागत नाही, तीन माणसं लागतात जी खरंच ऐकतायत.

एक बारीक गोष्ट यातच सांगून टाकतो. समजावताना मराठीत समजावा. पाठ केलेली इंग्लिश वाक्यं तोंडातून आपोआप पडतात आणि आपल्यालाच वाटतं की समजलंय. "नेक्स्ट हॉप मस्ट बी रीचेबल" हे सगळे म्हणतात, पण आयबीजीपीमधे (एकाच नेटवर्कच्या आतलं बीजीपी) बाहेरून आलेल्या रूटचा नेक्स्ट हॉप, म्हणजे पुढच्या राउटरचा पत्ता, बदलत नाही म्हणजे नक्की काय होतं हे मराठीत सांगायला लागलं की माणूस अडखळतो, आणि मग सांगतो, की बाबा पार्सल कोणाच्या हातात द्यायचं ते कळलंय पण त्याच्या घरचा रस्ताच माहीत नाही. तिथे खरं समजतं. आमच्यातला एकजण प्रत्येक लॅबमधे डोळे झाकून नेक्स्ट हॉप सेल्फ (तिथे स्वतःचा पत्ता देणारी कमांड) टाकायचा, त्याला विचारलं हे न टाकता काय काय करता येईल, तर पाच मिनिटं शांतता. (ती बाहेरची लिंक आयजीपीत, म्हणजे आतल्या रूटिंग प्रोटोकॉलमधे, घेतली तरी चालतं, तेवढंच उत्तर होतं.) परीक्षा मात्र इंग्लिशमधे आहे आणि डिझाइनच्या भागात लांबलचक ईमेल आणि डॉक्युमेंट वाचायला देतात, तिथे मागच्या प्रश्नावर परतही जाता येत नाही, त्यामुळे वाचनाची सवय इंग्लिशमधलीच ठेव. बोलणं मराठीत, वाचणं इंग्लिशमधे.

आता दुसरी गोष्ट, तोडफोड. माझ्या मते ऑनलाइन पार्टनरचा सगळ्यात मोठा उपयोग हाच आहे आणि सगळ्यात कमी लोक हे करतात.

पद्धत साधी. सगळ्यांकडे एकच टॉपॉलॉजी, दहा-बारा राउटर, चालू स्थितीत. दर आठवड्याला एकजण त्यात तीन बिघाड घालतो आणि कॉन्फिग फाइली बाकीच्यांना पाठवतो, सोबत फक्त तक्रार, जशी युजर करेल तशी: "ब्रँच तीनमधून सर्व्हर लागत नाही". चाळीस मिनिटं. पहिली पंधरा मिनिटं शो रन (सगळं कॉन्फिग दाखवणारी कमांड) मारायचा नाही. स्टॅटिक रूट टाकून पळवाट काढायची नाही, दुसऱ्याचं काही काढून टाकायचं नाही. शेवटी प्रत्येकाने चार गोष्टी कॉमन शीटमधे लिहायच्या: लक्षण काय होतं, आधी कशावर संशय गेला, खरं कारण काय, आणि कोणत्या कमांडने ते सिद्ध झालं.

शो रन का नाही? कारण एनओसीत आपल्याला तीच सवय लागते, कॉन्फिग वाचत सुटायचं आणि डोळ्याला काहीतरी खटकेल याची वाट बघायची. दोन राउटरला चालतं. लॅबमधे डिव्हाइस इतके असतात की वाचत बसलास तर डिझाइननंतरचे पाच तास तिथेच संपतील. तिथे आधी मनात ठरवावं लागतं, की हे बरोबर असेल तर मला अमुक दिसायला हवं, आणि मग कमांड मारायची.

मला एकदा नाशिकवाल्याने असा बिघाड दिला की अजून आठवतो. दोन राउटर, ओएसपीएफ नेबर फुल (म्हणजे शेजाऱ्याशी माहितीची पूर्ण देवाणघेवाण झालेली), आणि तरी पलीकडचे रूट नाहीत. मी फुल बघितलं आणि ओएसपीएफवर मनातल्या मनात टिक केली, मग पस्तीस मिनिटं फिल्टर शोधत बसलो, डिस्ट्रिब्यूट लिस्ट, प्रीफिक्स लिस्ट, एरिया फिल्टर, सगळं. त्याने काय केलं होतं, तर एका बाजूला नेटवर्क टाइप पॉइंट टू पॉइंट आणि दुसरीकडे ब्रॉडकास्ट. दोन्हीकडे हॅलो दहा, डेड चाळीस, म्हणून नेबर सुखाने फुल होतो, पण दोघांच्या एलएसएमधलं लिंकचं वर्णन जुळत नाही, त्यामुळे एसपीएफला (रस्ता काढणाऱ्या गणिताला) रस्ताच सापडत नाही. डेटाबेसमधे बघितलं असतं तर ॲडव्हर्टायझिंग राउटर नॉट रीचेबल असं ढळढळीत लिहिलेलं होतं. दोन मिनिटांचं काम. शीटमधे "आधी कशावर संशय गेला" हा रकाना म्हणून आहे, कारण तीन महिन्यांनी तो रकाना वाचला की आपली खोड दिसते. माझी खोड ही, की नेबर वर दिसला की मी पुढे जातो. मस्कतवाल्याची खोड, प्रत्येक गोष्टीत आधी एमटीयूवर (पॅकेटची कमाल साइज) संशय.

आणि ऐक, बिघाड घालणारा सोडवणाऱ्यापेक्षा जास्त शिकतो. कारण त्याला आधीच माहीत असावं लागतं की हे मोडलं की लक्षण कसं दिसेल, आणि ते लक्षण दुसऱ्या कशासारखं दिसेल. डीएमव्हीपीएन (मुख्य ऑफिस म्हणजे हब आणि शाखा म्हणजे स्पोक जोडणारे बोगदे) फेज तीनमधे हबवरचं रीडायरेक्ट (स्पोकला थेट रस्ता घे सांगणारी कमांड) काढलं तर काय दिसतं? सगळं चालतं की, पिंग जातो, फक्त स्पोक ते स्पोक ट्रॅफिक गुपचूप हबवरूनच जात राहतं. असा बिघाड सुचायला फेज दोन आणि तीनमधला फरक हाडात भिनलेला लागतो. एनार्सीत व्हीपीएनचा भाग आहेच, हा खेळ तिथेही कामाला येईल.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नको. ईव्ह-एनजी किंवा जीएनएस३ (लॅपटॉपवर नकली नेटवर्क उभं करणारी सॉफ्टवेअर) फुकट आहेत पण राउटरच्या सॉफ्टवेअर इमेजचा लायसन्सचा प्रश्न असतो, सिस्कोचं तसंच सीएमएल पर्सनल वर्षाला १९९ डॉलर आणि वीस नोडपर्यंत, इमेज कायदेशीर मिळतात, चौघांत सगळ्यांनी तेच घेतलं तर लॅब फाइल देवाणघेवाण सोपी जाते. पाच नोडचं फुकट व्हर्जन पण आहे, एनार्सीच्या छोट्या लॅबला पुरतं. लॅपटॉपला ३२ जीबी रॅम कर. एसडी-ॲक्सेससारख्या (कंट्रोलरवरून चालणारं सिस्कोचं ऑफिस नेटवर्क) गोष्टी घरी चालवायच्या भानगडीत पडू नको, सिस्कोच्या डेवनेट साइटवर सँडबॉक्स (तयार ऑनलाइन लॅब) मिळतात, एकाने रिझर्व्ह करायचा आणि बाकीच्यांनी स्क्रीन शेअरवर बसायचं, दर वेळी हात वेगळ्याचा.

आता पार्टनर कुठून आणायचा. "लुकिंग फॉर स्टडी पार्टनर" अशी पोस्ट टाकू नको. चाळीस जण "इंटरेस्टेड" म्हणतील, एक नवीन ग्रुप तयार होईल, पहिल्या दिवशी सगळे ओळख करून देतील, दुसऱ्या दिवशी कोणीतरी ड्राइव्हची लिंक टाकेल आणि दोन आठवड्यांत तो तुझा सातवा ग्रुप होईल. त्याऐवजी त्याच सहा ग्रुपमधे एखादा खरा प्रॉब्लेम टाक, आउटपुटसकट, आणि तुझं अर्धवट उत्तर पण लिही, की मला असं वाटतंय पण इथे अडतंय. मग बघ कोण काय करतं. बहुतेक लोक लिंक देतील, काहीजण कमांड देतील. एखादा विचारेल, "दुसऱ्या बाजूचं आउटपुट आहे का?" तो तुझा माणूस. त्याला वेगळा मेसेज कर. आम्हाला नाशिकवाला असाच सापडला.

तीन किंवा चार पुरे. पाचवा आला की दोन जण नुसते ऐकणारे होतात, आणि नुसतं ऐकणारा माणूस कॅमेरा बंद करून जेवत असतो. पातळी अगदी सारखी नसली तरी चालते, उलट एखादा नुकता सीसीएनए (सुरुवातीची पायरी) झालेला असेल तर त्याला समजावताना आपली भोकं जास्त दिसतात. पण परीक्षा एकच हवी आणि तारखा दोन-अडीच महिन्यांच्या आत हव्यात, नाहीतर एक घाईत असतो आणि दुसरा निवांत, आणि घाईतला चिडतो. न सांगता दोनदा गैरहजर राहिला तो बाहेर, हे पहिल्याच दिवशी बोलून टाकायचं. ऐकायला कडक वाटतं, पण नंतर बोलायला जास्त अवघड जातं, आम्ही न्यू जर्सीवाल्याला तीन महिने बोललो नाही आणि त्याच्यासाठी वेळ बदलत बसलो.

आणि एका नियमावर तडजोड नाही. कोणी "रिअल लॅब" किंवा डंप (परीक्षेतून फोडलेले प्रश्न) टाकला की त्या माणसाबरोबर बसायचं नाही. परीक्षेआधी आपण गुप्ततेच्या करारावर होकार देतो, मोडला तर सर्टिफिकेट जातं आणि पुढे परीक्षा देण्यावर बंदी येते, ते आहेच. पण मी गेली काही वर्षं इंटरव्ह्यू पण घेतो, तिथलं सांगतो. मी साधा प्रश्न विचारतो, ओएसपीएफ नेबर टू-वेला (दोघं एकमेकांना दिसतात, पण देवाणघेवाण सुरू नाही) थांबलाय, काय करशील? डंपवाला लगेच म्हणतो एमटीयू मिसमॅच. एमटीयूमुळे पुढच्या एक्सस्टार्ट-एक्स्चेंजच्या टप्प्याला अडकतं, टू-वेला नाही. आणि जो लॅब करून आलाय तो उलट मलाच विचारतो की सर स्विचवर किती राउटर आहेत, ते दोघं डीआर किंवा बीडीआर (त्या स्विचवरचा मुख्य आणि राखीव राउटर) नसतील तर टू-वे नॉर्मलच आहे, काहीच करणार नाही. पुढचं बोलणं चहा पीत होतं.

क्लासचं विचारलंस. दीड लाखाबद्दल मी हो किंवा नाही म्हणणार नाही, कारण काहींना पैसे भरल्याशिवाय सकाळी उठवत नाही आणि ते खोटं पण नाही. पण तुझी अडचण माहिती कमी पडण्याची नाही, डिस्क भरलीये तुझी. क्लासमधे तुला अजून माहिती मिळेल. चौकशी करताना एवढंच विचार, की तुम्ही माझी लॅब मोडून देणार का आणि मी समजावताना कोणी ऐकणार का. शिकवणारा म्हणाला की आमच्याकडे दोनशे तासांचं रेकॉर्डिंग आहे, तर ते तुझ्याकडे आधीच आहे. माझं मत, आधी एनार्सीपर्यंत पार्टनरवर काढ, आणि लॅबच्या आधीच्या तीन महिन्यांत गरज वाटली तर भाड्याच्या रॅकवर किंवा मॉक लॅबवर पैसे घाल.

आत्तापर्यंतचं धरून ठेव: ग्रुप लहान, आठवड्याला एक समजावणं आणि एक तोडफोड, बाकी एकट्याने.

राहिली नाइट शिफ्ट आणि तारीख. शिफ्टवरून आल्यावर सकाळी अभ्यास करायचा असं सगळे ठरवतात, मी पण ठरवलं होतं, दोन महिन्यांत आजारी पडलो. शिफ्टआधी दोन तास कर, संध्याकाळी उठल्यावर, डोकं ताजं असतं. एनओसीत रात्री तीन ते पाच जो शांत वेळ असतो त्यात वाचन कर, लॅब नको (ऑफिसच्या लॅपटॉपवर तर नकोच). कॉल आठवड्यातून एकच, तुझ्या वीकऑफच्या आदल्या नाही तर त्याच दिवशी. आमचा रविवारी रात्री साडेनऊचा होता, मस्कतला तेव्हा आठ वाजतात, जेवण उरकून बसायचो, साडेअकराला बंद म्हणजे बंद.

तारीख आधी बुक करायची का तयारी झाल्यावर, यावर लोक भांडतात. एनार्सी आधी बुक कर, तीन-साडेतीन महिन्यांनंतरची, आणि तारीख पार्टनरना सांग. लॅबची तारीख मात्र तेव्हाच बुक कर, जेव्हा तोडफोडीच्या शीटमधे सलग चार आठवडे तू तीनपैकी तीन बिघाड वेळेत सोडवलेले दिसतील. मी पहिल्यांदा हे न बघता बुक केली, उत्साहात, कंपनीतल्या एकाने केली म्हणून. उद्यान एक्सप्रेसने सकाळी बेंगळुरूला उतरलो, दुसऱ्या दिवशी परीक्षा, ट्रबलशूटिंगच्या भागातच वेळ संपला आणि पुढचे तास नुसते काढले. येताना गाडीत सोलापूरपर्यंत कोणाशी बोललो नाही. दुसऱ्या वेळी दोन दिवस आधी गेलो, त्या दोन दिवसांत लॅब उघडली नाही, फक्त ती शीट वाचली, एकशे चाळीसच्या वर ओळी झाल्या होत्या तोवर.

आता या रविवारी काय करायचं ते सांगतो. सहापैकी पाच ग्रुप म्यूट कर, सोडू नको, पार्टनर तिथूनच मिळणार आहे. वर लिहिलेलं आर१-आर२ वालं रीडिस्ट्रिब्युशन लॅबमधे उभं कर, टॅग लाव, आणि आर२ च्या टेबलमधे कोणता रूट आहे ते बघ. मग दोन्ही राउटर रीलोड कर आणि परत बघ. दोन्ही वेळचं आउटपुट इथेच खाली टाक आणि तुला काय वाटतंय ते लिही. मी रात्री साडेनऊनंतर असतो, आणि तुला उलट प्रश्न विचारणारा अजून कोणी इथे निघाला तर त्याला सोडू नको.